अनिमेतली कोदाची / वाकिझाशी : रेप्लिका घेतली आणि पातं मुठीतून सुटलं

डोंबिवलीचा_रोनिन | रवि, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

तर रुरौनी केन्शिन बघून वेड लागलेल्यांपैकी मी एक. सगळं जग केन्शिनच्या साकाबातोच्या मागे, ती उलट्या धारेची तलवार, पण मला पहिल्यापासून आवडायचा आओशी शिनोमोरी. लांब कोट, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, आणि हातात कोदाची, म्हणजे आखूड तलवार. पुढे क्योतोच्या भागात तर तो एकाच लांब म्यानात दोन कोदाची घेऊन येतो, समोरच्याला वाटतं एकच लांब तलवार आहे आणि तिथेच तो फसतो. ते बघितल्यापासून डोक्यात होतं की नोकरी लागली की हे घ्यायचंच.

नोकरी लागून सहा वर्षं झाली, मग यंदा घेतलं एकदाचं. ऑनलाइन, एका विक्रेत्याकडून (नाव विचारू नका, सांगणार नाही), जोडीचे ६,८०० रुपये. वर्णनात "हँडमेड, स्टेनलेस स्टील, फुल टँग" असं सगळं लिहिलेलं (फुल टँग म्हणजे पात्याचं शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलेलं). आल्यावर टेपने मोजलं, पातं ४६ सेंमी, मूठ २५ सेंमी, म्यान काळं चकाचक. दोन्ही बाजूंनी एकेक पातं आत जातं. दिसायला एक नंबर, खोटं कशाला बोलू.

तीन महिने भिंतीवर होती. गेल्या शनिवारी हॉलमध्ये जरा आओशीगिरी करत होतो, फार नाही हो, दोनदा आडवी फिरवली, तिसऱ्यांदा हात एकदम हलका झाला. बघतो तर हातात नुसती मूठ आणि पातं समोरच्या सोफ्याच्या पाठीत चार बोटं घुसलेलं. धार नाहीये त्याला, पण टोक आहे ना. आई दोन मिनिटांपूर्वी त्याच जागेवरून चहा टाकायला उठली होती. हे लिहितानापण पोटात गोळा येतोय.

विक्रेत्याला मेसेज केला तर उत्तर आलं, "सर, फॉर डिस्प्ले ओन्ली." फुल टँग लिहिलंय त्याचं काय म्हटल्यावर पुढे काहीच नाही, निळ्या टिका तेवढ्या.

प्रश्न असे: १) ही दुरुस्त होते का, २) पुढची घेताना नक्की काय बघायचं, ३) कोदाची आणि वाकिझाशी एकच का, कारण विक्रेते काहीपण लिहितात.

तिरकस_बाण | रवि, रात्री ११:१०

सोफ्याची प्रकृती कशी आहे आता?

(दिवे घ्या. आईंना दंडवत. त्या दिवशीचा चहा तुम्हाला मिळाला का हे कळवा.)

रंकाळ्यावरचा | रवि, रात्री ११:४४

अरं लगा, घरात माणसं असताना पातं फिरवतंय का कोण? आमच्या तालमीत मर्दानी खेळ शिकवताना पहिले कित्येक महिने हातात नुसती काठी असते. आणि पट्टा फिरवायचा म्हटलं की वस्ताद पहिल्यांदा आजूबाजूची पोरं लांब हाकलतो, मग दुसरी गोष्ट.

बरं, झालं ते झालं. आता त्या मुठीत बघ. भोक कसलं आहे आत? पात्याचं शेपूट म्हणजे मुठीत जाणारा भाग केवढा लांब आहे ते मोज आणि सांग. साधं खुरपं घेतलं तरी आपण बघतो की शेपूट दांड्यात किती आत गेलंय, नुसतं वरनं ठोकलेलं खुरपं दुसऱ्या दिवशी रानात निसटतं. तलवारीला तर हिसका केवढा बसतो.

आपल्याकडच्या तलवारीत शेपूट आखूडच असतं, पण ते मुठीच्या पोकळीत लाख वितळवून बसवतात, लाख गार झाली की पातं हलत नाही. जपानी लोकांची रीत वेगळी, त्यांची मूठ लाकडाची आणि त्यात बांबूची एकच खुंटी. ती खुंटी काढली की सगळी तलवार सुटी होते. म्हणून त्या खुंटीवर सगळा खेळ.

सायोनारा_सखी | सोम, सकाळी ६:२०

मी नागोयात असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे नऊ वर्षं झाली. मला अनिमेतलं फार कळत नाही, पण तलवारींचं थोडं कळतं, कारण इथून तासाभरावर सेकी म्हणून गाव आहे, गिफू प्रांतात, तिथली सुऱ्या-तलवारींची परंपरा शेकडो वर्षं जुनी, ऑक्टोबरमध्ये तिथे हत्यारांची जत्राच भरते आणि घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिकडे न्यायचं काम माझ्याकडे असतं.

काका म्हणतात ती खुंटी म्हणजे मेकुगी. मुठीला म्हणायचं त्सुका, मुठीत जाणारा भाग नाकागो, पात्याच्या बुडाशी जो पितळी पट्टा बसवलेला असतो तो हाबाकी. हे चार शब्द माहीत असले की विक्रेत्याला बरोबर कोंडीत पकडता येतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. इथे सगळं मोजमाप पात्याच्या लांबीवर, मूठ त्यात धरत नाहीत. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंमी. एक शाकूच्या आत असेल तर तान्तो, एक ते दोन शाकू वाकिझाशी, दोन शाकूंच्या वर कताना. म्हणजे तुमचं ४६ सेंमीचं पातं मापाने वाकिझाशीत बसतं. कोदाची हा जुना शब्द, शब्दशः "छोटी ताची". ताची म्हणजे कमरेला धार खाली करून लटकवायची जुनी तलवार, तिचीच धाकटी बहीण. वाकिझाशी त्यानंतरची, धार वर करून कंबरपट्ट्यात खोचायची. लांबी सारखी असू शकते, घराणं वेगळं.

आणि मूठ २५ सेंमी म्हणालात ना, तिथेच मला शंका आली. आखूड तलवार एका हाताने धरायची, संग्रहालयात बघितलेल्या वाकिझाशींच्या मुठी चांगल्याच आखूड होत्या. २५ सेंमी ही जवळजवळ कतानाची मूठ झाली. याचा अर्थ कारखान्यात एकच मूठ बनवतात आणि लांब-आखूड दोन्ही पात्यांना तीच लावून मोकळे होतात.

डोंबिवलीचा_रोनिन | सोम, सकाळी ९:०५

लोकलमध्ये आहे, ताई, संध्याकाळी उघडून बघतो. पण मूठ मोठी आहे हे मला कधीच खटकलं नव्हतं, आता भिंतीकडे बघितलं की तेच दिसणार :(

ओताकू_ठाणे | सोम, सकाळी ९:३०

रुमाल टाकून ठेवतो.

बाकी कोदाची म्हटलं की सगळे आओशीवर जातात, ब्लीचमधला गिन इचिमारू कुणालाच आठवत नाही. त्याची शिन्सो नावाची तलवार बंद असताना चक्क वाकिझाशीएवढी दिसते आणि उघडली की लांब लांब लांब. सोई फोनचीपण आखूडच. आणि साम्युराय चाम्पलूमधला जिन दोन्ही घेऊन फिरतो, लांब आणि आखूड, म्हणजे दायशो जोडी, जशी एदो काळातले सामुराई बाळगायचे.

तिरकस_बाण | सोम, सकाळी ९:४१

म्हणजे आखूड दिसणारी शस्त्रं घेणारे सगळे आतून काहीतरी लपवत असतात, असा तुमचा निष्कर्ष. नोंद घेतली.

आईचं_डोकं | सोम, दुपारी १:१५

मी हा धागा शोधत शोधत इथे आले. नाशिकला असतो आम्ही. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, गेल्या सप्टेंबरमध्ये मित्रांबरोबर थिएटरमध्ये डेमन स्लेअरचा पिक्चर बघून आला तेव्हापासून घरात तलवार एके तलवार. त्याला ते रानडुकराचं मुंडकं घालणारं पोर आवडतं, इनोसुके की काय, त्याच्या दोन करवतीसारख्या तलवारी. इथे एकाची तलवार सोफ्यात घुसल्याचं वाचलं आणि माझं बीपी वाढलं. घरात आठ वर्षांची मुलगी पण आहे. धार नसलेली असते म्हणे, मग घ्यायला हरकत नाही का? मला यातलं ओ की ठो कळत नाही, समजेल असं सांगा कुणीतरी.

फोमवाली | सोम, दुपारी १:३२

ताई, मेटल अजिबात घेऊ नका, चौदा वर्षांच्या मुलाला तर नाहीच. मी पुण्यात कॉस्प्ले करते, म्हणजे अनिमेतल्या पात्रांसारखा वेश, सात-आठ वर्षं झाली, आणि माझ्याकडे एकही धातूची तलवार नाही. कॉमिक कॉनला दारातच प्रॉप बघतात, धातूचं किंवा टोकदार काही असलं की आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे विकत घेऊनसुद्धा तिथे मिरवता येत नाही.

ईव्हीए फोमचं बनवू द्या त्याला. दहा मिमीचा फोम दोन थर, मध्ये पातळ पीव्हीसी पाइप कणा म्हणून, चिकटवायला एसआर ९९८ हा गोंद. इनोसुकेच्या तर कटरने खाचा पाडायच्या, जितक्या वेड्यावाकड्या तितक्या खऱ्या, कारण गोष्टीत त्याला नवीन कोऱ्या तलवारी मिळतात आणि हा पठ्ठ्या दगड घेऊन स्वतःच त्यांच्या धारा फोडतो, बनवणारा लोहार तिथेच उभा, तो पिसाळतो नुसता. माझ्या मते अख्ख्या सीरिजमधला बेस्ट सीन. म्हणजे चुकलं तरी चुकलं असं कुणी म्हणणार नाही.

कटर आणि हीट गन तेवढी मोठ्या माणसाच्या हातात. आणि एसआर खिडकी उघडी ठेवूनच, वासाने डोकं दुखतं.

कायदेशीर_कटकट | सोम, दुपारी ३:४८

कुणीतरी हे लिहायलाच हवं म्हणून लिहितो, वकिली सल्ला समजू नका.

शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर वगैरे आहेत, शिवाय ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची तशीच इतर हत्यारं. घरगुती, शेतीच्या वगैरे कामाची अवजारं त्यातून वगळलीत, म्हणून तुमचा कोयता आणि सुरी वाचली. ४६ सेंमी म्हणजे १८ इंच. "शोभेची आहे", "बोथट आहे" असं म्हटल्याने आपोआप सूट मिळते असं कुणी धरून चालू नका, विक्रेता असं सांगत असला तरी. घरात बाळगायला परवाना लागतो की नाही हे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४ खाली तुमचा भाग अधिसूचित आहे का त्यावर ठरतं, आणि बनवणं-विकणं हा कलम ५ चा वेगळाच विषय आहे. एकदा जवळच्या पोलीस स्टेशनला जाऊन विचारलं तर काही बिघडत नाही.

रस्त्यावर घेऊन फिरणं तर विसराच. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतच असतात आणि त्यात तलवारी-भाले नावानिशी असतात. शूटिंग करायला खाडीकिनारी तलवार घेऊन गेलेल्या पोरांचे रील्स बघतो तेव्हा मला घाम फुटतो.

बाहेरून मागवत असाल तर कस्टममध्ये तलवारींचा कोड ९३०७, म्हणजे शस्त्रांच्या प्रकरणातला. "डेकोरेशन आयटम" लिहून पाठवतो म्हणणाऱ्या विक्रेत्यापासून चार हात लांब राहा, अडकलं की तो तिकडे आणि तुम्ही इकडे.

ओताकू_ठाणे | सोम, दुपारी ४:०२

गंमत म्हणजे या सगळ्या सीरिजमध्येपण हेच चाललेलं असतं. केन्शिनची गोष्ट १८७८ सालची, आणि जपानात तलवार बाळगून फिरायला बंदी आली १८७६ ला, म्हणून पहिल्याच भागात पोलीस त्याच्या मागे लागतात. डेमन स्लेअरचा काळ त्याच्याही नंतरचा, रेल्वे स्टेशनवर पोलीस दिसले की बिचारे तलवारी लपवत पळतात. आपणच तेवढे पार्सल आल्यावर फोटो टाकून पत्ता देतो.

सायोनारा_सखी | सोम, दुपारी ४:५०

जपानात आजही कडक आहे. १५ सेंमीच्या वर पातं असलेली खरी तलवार असेल तर तिचं नोंदणीपत्र लागतं, ते तलवारीबरोबरच फिरतं, गाडीच्या आरसीसारखं. देशाबाहेर न्यायची तर सांस्कृतिक खात्याची परवानगी. दुकानात पर्यटकांना विकतात ती मोगितो, जस्ताच्या मिश्रधातूची, धार काढता येत नाही अशी, आणि तीसुद्धा कारणाशिवाय बाहेर घेऊन फिरायला मनाईच आहे.

मोगितो आणि इआइतो यात गल्लत करू नका. दिसायला सख्ख्या बहिणी. इआइतोसुद्धा धार न लागणाऱ्या मिश्रधातूचीच, पण ती इआइदोच्या (तलवार म्यानातून उपसण्याच्या कलेच्या) सरावासाठी म्हणजे रोज फिरवण्यासाठी बनवलेली, मूठ आणि मेकुगी त्या हिशोबाने बसवलेली. मोगितो फक्त बघायची. फिरवायची हौस असेल तर क्लास लावा, दिवाणखान्यात नको.

डोंबिवलीचा_रोनिन | सोम, रात्री ९:३८

मंडळी, शवविच्छेदन झालं. जेवण झाल्यावर वर्तमानपत्र पसरून बसलो, बाबांनी चष्मा लावून टॉर्च धरला, आई लांबून "आता परत कशाला हात लावतोस" म्हणत होती.

सुटलेलं पातं आधी. पात्याची रुंदी हाबाकीपाशी तीन सेंमी, त्याच्या खाली बूड जेमतेम दोन इंच, आणि त्या दोन इंचांना बॉलपेनच्या रिफिलपेक्षा थोडी जाड अशी सळई वेल्ड केलेली. वेल्डिंगचा मणी मारून तसाच सोडलेला, घासलापण नाही. तुटलंय ते बरोबर त्या मण्याशी. सळईच्या दुसऱ्या टोकाला आटे आणि मुठीच्या शेवटच्या टोपीत एक नट, म्हणजे पंख्याचा रॉड लावतात तसं.

आणि बांबूची मेकुगी! बाहेरून दोन्ही बाजूंना दिसते व्यवस्थित. पक्कडने ओढली तर अर्ध्या सेंमीचा टूथपिकसारखा तुकडा बाहेर आला. दुसऱ्या बाजूनेपण तेवढाच. आरपार नाहीच, मधे काही नाहीच. नुसत्या दोन टिकल्या चिकटवल्यात.

मुठीवरची दोरी सोडवली तर खाली शार्कची कातडी म्हणून जे होतं ते खडबडीत प्लॅस्टिकची पट्टी, तीपण फक्त जिथे दोरीच्या फटींतून दिसतं तेवढ्याच जागी. बाबा म्हणाले, "कमाल आहे, दिसेल तेवढंच केलंय." त्यांना खरं तर कौतुकच वाटत होतं.

दुसरी कोदाची अजून जोडलेली आहे पण हलवली की आत खुळखुळ वाजते.

रंकाळ्यावरचा | सोम, रात्री १०:१५

मग काय, मी म्हणत नव्हतो? दुसरी पण उघडून टाक, वाट बघू नको. आणि परत वेल्डिंग करून जोडायच्या नादाला लागू नको. कोपऱ्यावरचा वेल्डर करून देईल, पन्नास-शंभर घेईल, आणि पुढच्या खेपेला सोफा नसेल तिथं. त्या पात्याला जोड दिला की जोडाच्या शेजारी लोखंड कच्चं होतंय, परत तिथंच मोडणार.

घिसाडी_नातू | सोम, रात्री ११:२०

आजोबा पालावर विळे-कोयते घडवायचे, मी आता मेटलर्जीत आहे, म्हणून दोन शब्द.

स्टेनलेस लांब पात्याला का नको, तर गंज धरत नाही म्हणून स्वयंपाकघरात चालतं, तिथे पातं हातभर नसतं. लांब पातं फिरवलं की वाकवणारा ताण येतो, त्याला चिवटपणा लागतो, आणि या स्वस्त स्टेनलेस पात्यांत तो नसतो, मोडतंच. कार्बन स्टील म्हणून विकतात त्यात १०४५, १०६०, १०९५ असे आकडे लिहिलेले असतात, शेवटचे दोन आकडे म्हणजे कार्बन, ०.४५ टक्के, ०.६० टक्के, ०.९५ टक्के. जास्त आकडा म्हणजे जास्त भारी असं नाही. १०९५ चं उष्णतोपचार चुकलं की ते काचेसारखं वागतं, त्यापेक्षा नीट केलेलं १०६० बरं.

पात्यावरची ती लाटांची पांढरी रेघ, हामोन, खरी असेल तर ती चिकणमातीमुळे येते. पाठीला मातीचा जाड लेप, धारेला पातळ, मग तापवून पाण्यात. धार पटकन गार होऊन कडक, पाठ हळू गार होऊन चिवट, आणि दोघांच्या सीमेवर ती रेघ. स्वस्त रेप्लिकात ती अ‍ॅसिडने किंवा तारेच्या ब्रशने काढतात. भिंगातून बघितलं की ब्रशचे समांतर ओरखडे दिसतात आणि दर लाट पुढच्या लाटेसारखीच, वॉलपेपरसारखी.

जगात ज्या रेप्लिका विकल्या जातात त्यातल्या खूपशा चीनमधल्या लोंगच्वानच्या, चच्यांग प्रांतातलं तलवारींसाठीच नावाजलेलं गाव. तिथे उत्तम कारागीरही आहेत आणि रोनिनभाऊंच्या सळईवालेही. गाव बघून घेऊ नका, मुठीतलं बघून घ्या.

आईचं_डोकं | मंगळ, सकाळी ७:५०

हे सगळं मुलाला वाचायला दिलं. सोफ्याचा भाग दोनदा वाचून दाखवला. फोमला तयार झालाय, पण त्याची अट आहे की इनोसुकेच्या करायच्या नाहीत, आता त्याला आओशीच्या करायच्यात, एकाच म्यानात दोन. तुमच्या धाग्याचा प्रताप.

फोमवाली | मंगळ, सकाळी ८:२६

वा! सोपं आहे, उलट. मूठ पंधरा-सोळा सेंमीच ठेवायला सांगा, सखीताईंचं ऐकून :)

सायोनारा_सखी | मंगळ, सकाळी ८:५५

अगदी.

थोडं अवांतर, पण आखूड तलवारीचा विषय निघालाय तर राहवत नाही. "तोकेन रांबू" म्हणून २०१५ मध्ये इथे एक गेम आला, मग त्याचे अनिमे आले, त्यात प्रत्येक पात्र म्हणजे एक खरी ऐतिहासिक तलवार. तेव्हापासून तलवारींच्या प्रदर्शनांना तरुण मुलींच्या रांगा लागायला लागल्या. त्यातला निक्कारी आओए हा वाकिझाशी. खरी तलवार शिकोकूतल्या मारुगामेच्या संग्रहालयात आहे. दंतकथा अशी की रात्री एक बाई निक्कारी म्हणजे गालात हसत समोर आली, भूत समजून वार केला, सकाळी जाऊन बघतात तर तिथे दगड चिरलेला. मूळची ती लांब होती, पुढे कुणीतरी खालून कापून आखूड केली, आता पातं ६०.३ सेंमी. दोन शाकू म्हणजे ६०.६. तीन मिलिमीटरने वाकिझाशी झाली बिचारी.

दुसरी नामाझुओ, ती इथे नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयाची. मुळात नागिनाता म्हणजे लांब दांड्याचं हत्यार, ते आखूड करून वाकिझाशी केलेली, टोक माशाच्या, त्यांच्याकडच्या मांगुरच्या, शेपटीसारखं म्हणून ते नाव. १६१५ ला ओसाकाचा किल्ला पडला तेव्हा आगीत सापडली, पाणी उतरलं म्हणजे पात्याचा कडकपणा गेला, मग परत पाणी देऊन घेतली. प्रदर्शनात मांडली होती तेव्हा गेले होते. माझ्या पुढे एक कॉलेजची मुलगी काचेसमोर गुडघ्यावर बसून, मान तिरकी करून, प्रकाश पात्यावरून सरकताना बघत होती, मागे रांग थांबलेली, आणि कुणी तिला हटकलं नाही. मग मी पण तशीच बसले. उभं राहून त्यातलं काहीच दिसत नाही, हे तेव्हा कळलं.

तिरकस_बाण | मंगळ, सकाळी ९:१२

हे मात्र झकास. काडी टाकायला आलो होतो, परत घेतो.

घिसाडी_नातू | मंगळ, सकाळी १०:४०

"पाणी उतरलं" हा शब्द आजोबांच्या तोंडचा. पाणी देणं, पाणी उतरणं. आगीत सापडलेला कोयता ते ठोकून बघायचे आणि आवाजावरून सांगायचे, उतरलंय. बद्द वाजायचा.

ओताकू_ठाणे | मंगळ, दुपारी १२:२०

सखीताई, उलटंपण झालंय ना, म्हणजे अनिमेवरून खऱ्या लोहारांनी हत्यारं केली?

सायोनारा_सखी | मंगळ, दुपारी १:०५

हो, २०१२ मध्ये ओकायामातल्या ओसाफुनेच्या तलवार संग्रहालयात, इव्हँगेलियनवरून. परंपरागत लोहारांनी घडवलेली, पुढे ते प्रदर्शन युरोपातही फिरलं. त्यामुळे अनिमेवरून केलेली म्हणजे खोटी असं कुणी म्हणू नका.

देखभालीचं राहिलं. कार्बन स्टील घेतलंत तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बोटांचे ठसेसुद्धा गंजतात. इथे चोजी तेल लावतात, चोजी म्हणजे आपली लवंग. हल्ली ते खनिज तेलच असतं, लवंग वासापुरती. पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा मला दाढदुखीची आठवण झाली.

रंकाळ्यावरचा | मंगळ, दुपारी २:३०

आम्ही शिलाई मशीनचं तेल लावतो, हलक्या हातानं, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसून. खोबरेल लावू नका, चिकट होतंय आणि धूळ धरतंय. खंडेनवमीला हळदकुंकू वाहिलं तर दुसऱ्या दिवशी पुसून काढायचं, आमच्या एका पोरानं तसंच ठेवलं, कुंकवाच्या बोटाखाली बरोबर बोटाएवढा गंज.

डोंबिवलीचा_रोनिन | बुध, रात्री १०:२०

दुसरीपण उघडली. तीच सळई, फक्त वेल्डचा मणी अजून धरून होता, हाताने वाकवला तर हलतो. दोन्ही पाती वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली.

पुढची वाकिझाशी इतक्यात घेत नाही. आधी पोलीस स्टेशनला विचारतो, कटकटभाऊंचं ऐकून. घेतलीच तर विक्रेत्याला आधी मूठ काढलेला नाकागोचा फोटो मागायचा, मेकुगी काढलेल्या भोकातून पलीकडचं दिसतंय असा. एकाला आजच मागितला, तो म्हणाला "सर, हँडल फिक्स आहे, निघत नाही." थँक्यू म्हटलं आणि ब्लॉक केलं.

म्यान मात्र चांगलं लाकडी निघालं, मुठीपण आहेत. फोमवाली, तुमच्या पद्धतीने फोमची पाती करून त्यातच बसवावीत म्हणतोय. मुठी कापून सोळा सेंमी करणार.

आईचं_डोकं | गुरु, सायंकाळी ७:४०

आमच्याकडे म्यान झालं, पुठ्ठ्याचं, काळा रंग दिला. एक तलवार झाली, दुसरी वाळतेय. पण पोरगं रडकुंडीला आलंय, म्यान उभं धरलं की खालच्या बाजूची तलवार सुळकन खाली पडते. बहिणीच्या पायावर दोनदा पडली. फोमची म्हणून नुसतं हसू झालं.

डोंबिवलीचा_रोनिन | गुरु, सायंकाळी ७:५८

ताई, माझीपण पडायची! मला वाटलं आओशीने कसं सांभाळलं असेल.

सायोनारा_सखी | गुरु, रात्री ८:१५

खऱ्या तलवारीत हाबाकी म्यानाच्या तोंडात घट्ट बसते, त्या घर्षणावरच पातं टिकतं, म्यान उलटं केलं तरी पडायला नको. काढताना आधी अंगठ्याने त्सुबा, म्हणजे मूठ आणि पात्याच्या मधली हात वाचवणारी तबकडी, पुढे ढकलून ती पकड सोडवतात, अनिमेत तो टक्क आवाज येतो ना, तो तिथला. सैल झाली तर तोंडाच्या आत लाकडाची पातळ चकती चिकटवतात.

फोमवाली | गुरु, रात्री ८:३१

फोमला ते जमत नाही, फोम दाबला जातो आणि चार दिवसांत परत सैल. लोहचुंबक लावा. एक म्यानाच्या तोंडात आत, एक तलवारीच्या त्सुबाच्या खाली, फोममध्ये खड्डा करून पुरायचे आणि वरून पातळ फोमची चकती. चिकटवण्याआधी बाजू तपासा, नाहीतर ढकलतील एकमेकांना, माझ्या पहिल्या वेळी तसंच झालं, तलवार म्यानात जायलाच तयार नव्हती. आणि लहान मुलगी आहे ना घरात, चुंबक नीट पुरा, सुटा एकही बाहेर ठेवू नका, गिळला तर फार वाईट.

आईचं_डोकं | गुरु, रात्री ८:४०

किती मोठे घ्यायचे?

फोमवाली | गुरु, रात्री ८:४२

आठ बाय दोन मिमीचे गोल, दोन्ही तोंडांना दोन-दोन जोड्या.

डोंबिवलीचा_रोनिन | गुरु, रात्री ८:४४

लाकडी म्यानालापण तेवढेच पुरतील का, की दहाचे घेऊ?